शिफ्ट दाबा, गंमत पाहा

३० चा साइन किती? दहावीतलं कुठलंही पोर झोपेतून उठून सांगेल: अर्धा. हाच प्रश्न सायंटिफिक कॅल्क्युलेटरला विचारा. तो ०.५ म्हणेल. नाहीतर −०.९८८०३ म्हणेल. नाहीतर ०.४५३९९. आणि तिन्ही वेळा तो बरोबरच असेल! तुम्ही ३० म्हणालात, पण ३० काय ते सांगितलंच नाहीत. अंश, रेडियन की ग्रॅड? स्क्रीनच्या वरच्या कडेला एक चिमुकलं अक्षर दिसतं, डी, आर किंवा जी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला या एका अक्षराने जेवढे मार्क खाल्ले असतील, तेवढे अख्ख्या इंटिग्रेशनने खाल्ले नसतील, असा मला दाट संशय आहे.

पोरांच्या भाषेत कॅल्सी. चाळीसेक बटणं, त्यातल्या बहुतेकांवर दोन-दोन, तीन-तीन कामं. आणि आपण वापरतो काय? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, फार तर वर्गमूळ. बाकीची बटणं चार वर्षं नवीकोरी राहतात. आज त्यांच्यावर जरा बोट फिरवू. आपल्याकडे बहुतेकांच्या दप्तरात कॅसिओचा एफएक्स-८२ किंवा एफएक्स-९९१ असतो, एमएस नाहीतर ईएस मालिकेतला. म्हणून बटणांची नावं त्याच्याच हिशेबाने सांगतो.

ग्रॅड नावाचा पाहुणा

अंश ठाऊक, रेडियन अकरावीत भेटतो. हा ग्रॅड कुठला? फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला. तेव्हा त्या मंडळींना सगळंच दशमान करायचं होतं. मीटर आला, किलोग्रॅम आला, दिवसाचे दहा तास करणारी घड्याळंही आली. मग काटकोनाने काय घोडं मारलंय? त्याचे ९० ऐवजी १०० भाग पाडले, पूर्ण वर्तुळाचे ४००. दहा तासांचं घड्याळ लगेच बंद पडलं. ग्रॅड मात्र काही देशांतल्या जमीनमोजणीत टिकला, आणि टिकला तुमच्या कॅल्सीत. तुम्हाला त्याचा आयुष्यात उपयोग होण्याची शक्यता जवळपास शून्य. चुकून त्याच्यात शिरण्याची शक्यता मात्र भरपूर.

बाहेर पडायचं कसं? ईएसवर शिफ्ट, मोड, ३. एमएसवर डिग्री-रेडियन-ग्रॅडची ओळ येईपर्यंत मोड दाबत राहायचं, मग १. आणि पेपर हातात पडल्याबरोबर पहिलं काम: साइन ३०, बरोबर. ०.५ आलं तरच पुढे. रेडियनचं गणित असेल तर अर्थात उलटं.

दोन वजा, एक घोळ

कॅल्सीवर वजाची दोन बटणं असतात. एक वजाबाकीचं, दुसरं कंसातलं, ऋण संख्येसाठी. आता −३ टाइप करून वर्गाचं बटण दाबा. उत्तर −९. यंत्र बिघडलं का? नाही. त्याने आधी ३ चा वर्ग केला, मग वजा लावला. गणिताच्या पुस्तकातला नियमही हाच आहे. ९ हवेत तर −३ ला कंस घाला. कंसाचा कंजूसपणा करणाऱ्याला कॅल्सी कधीच माफ करत नाही.

तसंच १० च्या घाताचं बटण. एमएसवर त्याच्यावर ईएक्सपी लिहिलेलं असतं. ॲव्होगाड्रोची संख्या टाकताना कित्येक जण ६.०२२, गुणिले, १०, ईएक्सपी, २३ अशी मालगाडी जोडतात. त्या बटणाच्या पोटात 'गुणिले १० चा घात' आधीच बसलेला असतो. म्हणजे आणखी एक १० फुकटात गुणला गेला, आणि केमिस्ट्रीचं उत्तर दहापट मोठं झालं. ६.०२२, ईएक्सपी, २३. बस्स.

आणि साइनच्या डोक्यावर वजा एक? तो 'एक भागिले साइन' नव्हे. शिफ्ट आणि साइन मिळून विचारतात, कुठल्या कोनाचा साइन एवढा? ०.५ द्या, ३० मिळेल. २ द्या, मॅथ एरर मिळेल, कारण कुठल्याच कोनाचा साइन २ नसतो. 'एक भागिले' करायला वेगळं बटण आहे, एक्सवर वजा एकचं. ते फिजिक्सवाल्यांचं लाडकं असायला हवं. १० आणि १५ ओहमचे रोध समांतर जोडलेत? १०, ते बटण, अधिक, १५, ते बटण, बरोबर, पुन्हा ते बटण, बरोबर. ६ ओहम. छेद समान करण्याची कटकट नाही.

६९ वर फाटक बंद

६९ टाका, उद्गारचिन्हाचं बटण दाबा. १.७११२२४५२४ गुणिले १० चा ९८ वा घात. आता ७० चं करा. मॅथ एरर! ७० ची क्रमगुणित संख्या १० च्या १०० व्या घाताच्या पलीकडे जाते आणि या कॅल्सींच्या घाताला दोनच आकड्यांची जागा, ९९ पर्यंत. एकाच पावलाने दार आपटतं.

हीच गत २ च्या हजाराव्या घाताची. सरळ टाकला तर एरर. पण युक्ती आहे. १००० गुणिले लॉग २ करा: ३०१.०२९९९५७. म्हणजे त्या संख्येत ३०२ आकडे! सुरुवातीचे आकडेही हवेत? अपूर्णांकाचा भाग, ०.०२९९९५७, शिफ्ट-लॉगला द्या. १.०७१५०८६ येईल, तीच त्या राक्षसी संख्येची सुरुवात. जी संख्या यंत्रात मावतच नाही, तिचं डोकंही कळलं आणि लांबीही. जॉन नेपियर यांनी १६१४ साली लॉगॅरिदम छापले ते असल्याच अगडबंब आकडेमोडीला कंटाळून.

लॉगचा घरगुती उपयोगही सांगून टाकतो. बँकेत ७ टक्के चक्रवाढीने ठेवलेले पैसे दुप्पट कधी होतील? लॉग २ भागिले लॉग १.०७. उत्तर १०.२४, म्हणजे जवळपास सव्वादहा वर्षं. शेजारचं एलएन बटण वापरलंत तरी हेच उत्तर येईल. दोन्ही ठिकाणी एकच बटण दाबा म्हणजे झालं.

खिशात मावला पाहिजे

खिशातल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरचा जन्म १९७२ चा. अमेरिकेतल्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९६८ मध्ये टेबलावर ठेवायचं एक यंत्र काढलं होतं, वजन सुमारे १८ किलो. कंपनीचे एक संस्थापक बिल ह्युलेट यांची मागणी अशी की हेच शर्टाच्या खिशात मावलं पाहिजे. आणि मावलं! नाव एचपी-३५, कारण बटणं ३५. किंमत ३९५ डॉलर. काही वर्षांत इंजिनिअरांच्या हातातली स्लाइड रूल, जी साडेतीनशे वर्षं ठाण मांडून बसली होती, कपाटात गेली.

त्या यंत्रावर 'बरोबर'चं बटणच नव्हतं. २ आणि ३ ची बेरीज करायची तर २, एंटर, ३, अधिक. चिन्ह शेवटी. कंसांची गरजच पडत नाही. ज्यांना याची सवय लागली ते पुढे आयुष्यभर दुसरं यंत्र हातात धरेनात.

त्याच्यातही एक चूक निघाली. २.०२ चा एलएन काढायचा आणि लगेच ई चा तेवढा घात करायचा, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत यायला हवं. यंत्र २ वर येऊन थांबे. मागचे ०.०२ गायब! तोवर हजारो नग विकले गेले होते. कंपनीने गिऱ्हाइकांना चूक कळवली आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. आजच्या कंपन्यांनी हा धडा भिंतीवर लावायला हरकत नाही.

पण खरी मजा पोटात होती. एवढ्याशा चिपला साइन कसा कळतो? साइनची कोष्टकं भरून ठेवायला जागा नव्हती, आणि गुणाकार करायलाही त्या काळच्या चिपला घाम फुटायचा. उत्तर आलं एका बॉम्बर विमानाकडून. जॅक व्होल्डर नावाच्या इंजिनिअरने अमेरिकेच्या बी-५८ विमानाच्या दिशादर्शक यंत्रासाठी एक रीत शोधली होती आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचं नाव कॉर्डिक. कोन एकदम वळायचाच नाही, ठरलेल्या छोट्या छोट्या वळणांनी गाठायचा. वळणं अशी निवडायची की प्रत्येक वळणाला फक्त बेरीज, वजाबाकी आणि आकडे सरकवणं पुरावं.

एचपी-३५ ने हीच रीत दशमान केली. ज्या कोनांचा टॅन १, ०.१, ०.०१, ०.००१ असा आहे तेवढेच कोन यंत्राला तोंडपाठ: ४५ अंश, ५.७१०६, ०.५७२९, ०.०५७३. आता ३० अंश गाठायचेत. ४५ चं वळण मोठं, बाद. ५.७१०६ ची पाच वळणं घ्या, २८.५५ झाले. उरले १.४५. त्यात ०.५७२९ ची दोन. उरले ०.३०. त्यात ०.०५७३ ची पाच. उरला चिमूटभर. प्रत्येक वळणाला ०.१ ने किंवा ०.०१ ने गुणायचं म्हणजे दशांशचिन्ह सरकवायचं, बस्स. तुम्ही साइन दाबून पापणी लववता तेवढ्यात आत एवढी वळणं होतात. भूमिती म्हणावी तर आत कुठेही त्रिकोण नाही, नुसती बेरीज-वजाबाकी.

चाळीसगावची आठवण

एफएक्स-९९१ ईएसला साइन १५ विचारा. तो रुबाबात वर्गमुळांचं उत्तर मांडेल: मूळ ६ वजा मूळ २, भागिले ४. आता साइन १८ विचारा. ०.३०९०१६९९४४. मूळबिळ काही नाही, नुसता दशांश. या यंत्राला अचूक रूप फक्त १५ च्या पटीतल्या कोनांचंच मांडता येतं. १८ अंशांचंही सुबक रूप आहे: मूळ ५ वजा १, भागिले ४. ते भास्कराचार्यांना ठाऊक होतं! 'सिद्धान्तशिरोमणी' हा त्यांचा ग्रंथ ११५० सालचा, तेव्हा त्यांचं वय ३६. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे सापडला. पाटणादेवीला दर्शनाला जाणाऱ्यांनी एकदा बरोबर कॅल्सी न्यायला हरकत नाही.

लपवलेले आकडे आणि एक थाप

स्क्रीनवर दहा आकडे दिसतात, पोटात जास्त असतात. पटत नसेल तर पायच्या बटणातून ३.१४१५९२६५३ वजा करा. शून्य यायला हवं ना? येतं साधारण ५.९ गुणिले १० चा उणे दहावा घात. पडद्यामागचे आकडे बाहेर आले. म्हणून मधलं उत्तर वहीवर उतरवून पुन्हा टाइप करण्यापेक्षा एएनएस बटण वापरावं. तुम्ही दहा आकडे उतरवाल, ते सगळे वापरतं.

आता थाप. कॅसिओच्या काही मॉडेलवर ११ चा सहावा घात भागिले १३ करा. उत्तर येतं १५६१५८४१३ पाय भागिले ३६००! पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं, मध्ये पाय कुठून टपकला? गणिताने हे अशक्य आहे. पाय अपरिमेय, तो असल्या उत्तरात येऊच शकत नाही. झालं असं, की ही यंत्रं आधी दशांश उत्तर काढतात आणि मग ते कुठल्या ओळखीच्या रूपात बसतं का, हे चाचपडतात. पायच्या पटीत बसतं का? बसलं! १३६२७३.९२३०७... या उत्तराशी तो पायवाला अपूर्णांक डिस्प्लेवरच्या साऱ्या आकड्यांपर्यंत जुळतो. यंत्राने ओळख पटली असं समजून नाव जाहीर केलं, माणूस भलताच. गणितावर व्हिडिओ करणारे मॅट पार्कर यांनी ही थाप जगभर नेली. कॅल्सीच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांच्या तोंडावर मारायला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

ई चा पाय घात वजा पाय करून पाहा. १९.९९९०९९९८. वीस म्हणता म्हणता राहिलं. हा बराचसा योगायोग, फार अर्थ शोधत बसू नका. ९८७६५४३२१ भागिले १२३४५६७८९ करा: ८.०००००००७३. याच्या मागे मात्र कारण आहे, सुटीत शोधा.

'बरोबर'च दाबत राहा

रेडियन मोड लावा. १ टाका, बरोबर. कॉस, एएनएस, बरोबर. आता नुसतं 'बरोबर' दाबत राहा. आकडे वर-खाली उड्या मारतील, हळूहळू दमतील आणि पन्नास-साठ वेळांनंतर ०.७३९०८५१३३ वर ठाण मांडतील. सुरुवात १ ऐवजी हजारापासून करा, उणे सातपासून करा, शेवट तोच. याच संख्येचा कॉस तीच संख्या. अंशांच्या मोडमध्ये हाच खेळ तीन-चार दाबांत संपतो, ०.९९९८४७७४ वर. वायवाच्या रांगेत उभं राहून करायला रेडियनवाला बरा.

किंवा १ अधिक १ भागिले एएनएस. दाबत राहा. १.६१८०३३९८९, सुवर्ण गुणोत्तर. एकही सूत्र न वापरता.

आणि आपल्या देवळालीचा खेळ. द. रा. कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येणार म्हणजे येणार, आणि पुढे हलणार नाही: ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. कापरेकरांनी हे सगळं हाताने केलं. आपल्याकडे यंत्र आहे, निदान खात्री तरी करून घेऊ.

फुटकळ, पण कामाचं

अंश-मिनिट-सेकंदाचं बटण कोनांसाठी असलं तरी घड्याळाचे हिशेब झकास करतं. ६:४० ला निघालेली एसटी १०:०५ ला पोचली? १०, ते बटण, ५, ते बटण, वजा, ६, ते बटण, ४०, ते बटण, बरोबर. ३ तास २५ मिनिटं.

पंधरा जणांतून अकराचा संघ किती प्रकारे निवडता येतो? १५ एनसीआर ११: १३६५. त्या अकरांची फलंदाजीची क्रमवारी? ११ ची क्रमगुणित, ३ कोटी ९९ लाख १६ हजार ८००. निवड समितीला शिव्या घालण्यापूर्वी हा आकडा लक्षात घ्यावा.

सोसायटीच्या हाउझीत नंबरांची पिशवी हरवली? ९० गुणिले रॅन, अधिक १. दशांशचिन्हाच्या पुढचं सोडून द्या. १ ते ९० मधला नंबर तयार. आलेला नंबर परत आला तर पुन्हा दाबा.

१ भागिले २०० चं उत्तर ०.००५ न येता ५ गुणिले १० चा उणे तिसरा घात असं येतंय? तुमचा कॅल्सी नॉर्म १ वर आहे, तो नॉर्म २ वर न्या. ईएसवर शिफ्ट, मोड, ८, २. तरीही अपूर्णांकच दिसत असेल तर एस-डीचं बटण दाबा, त्याचा दशांश होतो.

आणि ते व्हॉट्सॲपवरचं भांडण: ६ ÷ २(१+२). काही जण १ म्हणतात, काही ९, आणि दोघेही आपापल्या कॅल्क्युलेटरचा फोटो टाकतात. दोन्ही फोटो खरे असतात! गुणाकाराचं चिन्ह गाळलं की काही यंत्रं तो गुणाकार आधी करतात, काही डावीकडून सरळ जातात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ ने एक नियम पाळला, तिच्याच टीआय-८३ ने दुसरा. कॅसिओचा क्लासविझ मालिकेतला एफएक्स-९९१ ईएक्स तर स्वतःच कंस घालून दाखवतो की मी काय समजलो ते बघा. माझा निकाल: दोष यंत्राचा नाही, असं लिहिणाऱ्याचा. पुन्हा तेच, कंस!

परीक्षेआधी

मित्राचा कॅल्सी उसना घेतलात तर आधी तो धुऊन घ्या. ईएसवर शिफ्ट, ९, ३, बरोबर, एसी. एमएसवर शिफ्ट, मोड, ३, बरोबर. त्याचा रेडियन, त्याचे दशांश, त्याची साठवलेली संख्या, सगळं पुसलं जातं. पण आधी त्याला विचारा.

बारावी बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. जेईई आणि नीटला तर तेही नाही. गेटला कॅल्क्युलेटर मिळतो, पण तो स्क्रीनवरचा आणि माऊसने दाबायचा. त्याची बटणं तुमच्या हातातल्यासारखी नसतात, तेव्हा गेट देणाऱ्यांनी लाडका ९९१ महिनाभर कपाटात ठेवावा आणि त्या माऊसवाल्यावरच सराव करावा.